होज क्लॅम्प (बांधकाम यंत्रे)

होज क्लॅम्प म्हणजे रबरी किंवा सिलिकॉनची नळी धातूच्या पाइपाच्या टोकावर आवळून धरणारी पट्टी होय. एक्सकॅव्हेटर, बॅकहो लोडर, डंपर, रोलर, ग्रेडर अशा अवजड बांधकाम यंत्रांत इंजिनाला लागणारी हवा, कुलंट, डिझेल आणि कमी दाबाचे हायड्रॉलिक तेल ज्या नळ्यांतून वाहते, त्यांचे सांधे बहुतांशी याच साधनावर अवलंबून असतात. यंत्राच्या किमतीपुढे क्लॅम्पची किंमत नगण्य असते. तरीही एका सैल क्लॅम्पमुळे संपूर्ण इंजिन उतरवून बांधण्याची वेळ येऊ शकते.

ज्या सांध्यातून द्रव बाहेर गळतो, तो डाग पडल्यामुळे लवकर लक्षात येतो. ज्या सांध्यातून बाहेरची हवा किंवा धूळ आत ओढली जाते, तो मात्र बाहेरून कोरडा आणि निर्दोष दिसतो. यंत्राचे मोठे नुकसान बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या सांध्यातून होते. म्हणून क्लॅम्पची निवड केवळ नळीच्या मापावरून न करता, त्या सांध्यात दाब आहे की ओढ आणि आत काय वाहते आहे यावरून करावी लागते.

नावे

महाराष्ट्रातील गॅरेजांत व सुट्या भागांच्या दुकानांत हे साधन होज क्लिप, पट्टी क्लिप किंवा नुसते क्लिप या नावांनी मागितले जाते. स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या पट्टीला जुबली क्लिप असेही म्हणतात. हे मूळचे एका ब्रिटिश उत्पादनाचे व्यापारी नाव असून पुढे ते सामान्यनाम बनले. बांधकाम यंत्रांच्या बाबतीत असे वारंवार घडलेले आहे. फ्रान्समधील पोक्लेन कंपनीच्या नावावरून कोणत्याही एक्सकॅव्हेटरला पोकलेन, तर हायवा या नेदरलँड्समधील कंपनीच्या नावावरून मोठ्या डंपरला हायवा म्हणण्याचा प्रघात पडला. बॅकहो लोडर तर सर्वत्र जेसीबी या नावानेच ओळखला जातो. तथापि क्लॅम्प मागताना नुसते सामान्यनाम पुरत नाही. पट्टीची रुंदी, आवळण्याचा पल्ला आणि धातूचा दर्जा सांगितला नाही, तर दुकानदार हाताशी असलेली क्लिप देतो.

इतिहास

नळी आवळण्यासाठी पूर्वी तार किंवा दोरी गुंडाळली जाई. स्वीडनमधील क्नूट एडविन बर्गस्ट्रॉम यांनी १८९६ मध्ये स्टॉकहोम येथे अग्निशमन साहित्याचा व्यवसाय सुरू केला आणि नळी आवळण्याच्या पट्टीची रचना सिद्ध केली. त्यांच्या व्यवसायाच्या आद्याक्षरांवरून आलेले आबा हे क्लॅम्पचे नाव आजही प्रचलित आहे. ब्रिटिश नौदलातील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांना १९२१ मध्ये लंडनमध्ये जुबली क्लिपचे एकस्व मिळाले. या क्लिपमध्ये खाचा पाडलेली पट्टी आणि तिच्या खाचांत फिरणारा स्क्रू यांचा मेळ होता. मोटारगाड्यांचा प्रसार होत असतानाच ही रचना उपलब्ध झाल्याने ती झपाट्याने रूढ झाली. आज वापरात असलेले बहुसंख्य क्लॅम्प याच तत्त्वावर चालतात.

रचना व प्रकार

स्क्रू क्लॅम्पमध्ये पट्टीचे एक टोक एका लहान घरात पक्के केलेले असते आणि दुसरे टोक त्याच घरातून सरकते. स्क्रूचा एक फेरा झाला की पट्टी एका खाचेने पुढे जाते आणि घेर कमी होतो. अमेरिकी पद्धतीच्या क्लॅम्पमध्ये खाचा पट्टीच्या आरपार कापलेल्या असतात. जर्मन पद्धतीच्या क्लॅम्पमध्ये त्या आरपार न कापता दाबून उठवलेल्या असतात आणि पट्टीच्या कडा किंचित वर वळवलेल्या असतात. आरपार खाचांतून मऊ रबर वर येऊन कापले जाते. म्हणून कोणतीही पट्टी सारखीच, हा समज बरोबर नाही. जर्मन पद्धतीच्या पट्ट्या प्रामुख्याने ९ व १२ मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि त्यांच्या स्क्रूला सामान्यतः ७ मिलिमीटरचा पाना लागतो. अमेरिकी पट्टी बहुधा अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद असते.

टी-बोल्ट क्लॅम्पमध्ये रुंद, सलग पट्टीची दोन टोके एका बोल्टने जवळ आणली जातात. पट्टीत खाचा नसल्याने दाब घेरावर अधिक समान पडतो आणि ताणही जास्त देता येतो. टर्बोचार्जर व इंटरकूलर यांच्या नळ्यांवर हाच प्रकार वापरतात. काही टी-बोल्ट क्लॅम्पच्या बोल्टवर स्प्रिंग बसवलेली असते. स्क्रू क्लॅम्पमध्ये हेच काम वाटीच्या आकाराच्या स्प्रिंग वायसरांची चळत करते. या दोन्ही प्रकारांना स्थिर ताणाचे क्लॅम्प म्हणतात, कारण नळी तापून फुगली किंवा गार होऊन आकसली तरी पट्टीतील ताण फारसा बदलत नाही. स्प्रिंगच्या पोलादाची नुसती कडी असलेला क्लॅम्प हेच काम स्क्रूविना करतो. तो पक्कडीने उघडून सोडावा लागतो आणि त्याचे माप अचूक असावे लागते. कानाचा क्लॅम्प एकदा दाबला की कायमचा बसतो. तो काढताना कापावा लागत असल्याने पुन्हा वापरता येत नाही.

काँक्रीट पंपाच्या पाइपांना जोडणारे दुमडते क्लॅम्प आणि टर्बोचार्जरच्या धातूच्या दोन कडा जोडणारे व्ही आकाराचे क्लॅम्प नावाने जवळचे असले, तरी ते नळी आवळत नाहीत. त्यांचे तंत्र वेगळे आहे.

नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती

नाशिक जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेला असून येथील रस्ते, धरणे व इमारतींची कामे मोठ्या प्रमाणावर याच बेसाल्टच्या खोदाईवर आणि खडीवर चालतात. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातील सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जातो. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इगतपुरीजवळच्या कसारा घाटातील सुमारे ८ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे याच टप्प्यात येतात. २०२६–२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्तानेही नाशिक व त्र्यंबकेश्वर परिसरात रस्ते व पुलांची कामे हाती घेण्यात आली.

क्लॅम्पच्या दृष्टीने या जिल्ह्यात अनेक प्रतिकूल गोष्टी एकत्र येतात. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर परिसरात अतिवृष्टी होते; इगतपुरीचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास आहे. तेथे चार महिने चिखलात उभ्या असणाऱ्या यंत्राचे साधे पोलादी स्क्रू गंजतात. सिन्नर, येवला, नांदगाव हे तालुके याउलट पर्जन्यछायेत असून तेथे उन्हाळ्यात बारीक धूळ सतत उडत असते. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, तर मालेगावात एप्रिल–मे महिन्यांत तो ४० अंशांच्या वर जातो. एकच यंत्र वर्षभरात या सर्व ठिकाणी फिरते, पण क्लॅम्प बहुधा तेच राहतात.

जिल्ह्यात शेतीपंप व द्राक्षबागांची फवारणी यंत्रे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या नळ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ क्लिपा कुठेही मिळतात आणि गरजेच्या वेळी त्याच एक्सकॅव्हेटरच्या रेडिएटरवर चढवल्या जातात. शेतीपंपाच्या नळीला इंजिनाची उष्णता व कंपने सोसावी लागत नाहीत. त्यामुळे तेथे पुरेशी ठरणारी क्लिप येथे काही आठवड्यांत ढिली पडते.

सांध्यानुसार निवड

हवा ओढणारा मार्ग

एअर फिल्टर व टर्बोचार्जर यांमधील नळी हा यंत्रावरील सर्वांत महत्त्वाचा सांधा मानला पाहिजे. बॅकहो लोडरच्या आकाराचे इंजिन तासाला काहीशे घनमीटर हवा ओढते आणि फिल्टरनंतरच्या या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. येथील क्लॅम्प सैल झाला, तर काहीही बाहेर गळत नाही, आवाजही फारसा बदलत नाही. फिल्टर न झालेली हवा मात्र त्या फटीतून आत जाऊ लागते. बेसाल्टची धूळ फेल्डस्पार व पायरॉक्सिन या कठीण खनिजांची असते. ती टर्बोची पाती झिजवते आणि पिस्टनच्या रिंगा व लायनर घासते. पुढे इंजिनात ऑइल जळू लागते, ब्रीदरमधून धूर येतो आणि ताकद कमी होते. ही लक्षणे दिसेपर्यंत झीज झालेली असते.

यातील विशेष फसवी बाब म्हणजे फिल्टरचा दर्शक. फिल्टर चोंदला की दर्शक लाल होतो, परंतु हवेला फटीतून सोपी वाट मिळाली, तर फिल्टरवरील ओढ कमी होते आणि दर्शक दीर्घकाळ हिरवाच राहतो. धुळीच्या कामावर नेहमीपेक्षा जास्त तास फिल्टर स्वच्छ राहिला, तर समाधान न मानता नळी उघडून पाहणे इष्ट ठरते. नळीच्या आतल्या बाजूने पांढरे कापड फिरवले असता त्यावर धूळ आली, तर गळती निश्चित समजावी. नियमित तेल तपासणीत सिलिकॉन व ॲल्युमिनियमचे प्रमाण एकत्र वाढून सोबत लोहही वाढले, तर त्याचाही बहुधा हाच अर्थ असतो.

या ठिकाणी रुंद, सलग पट्टीचा क्लॅम्प योग्य होय. नळी मोठ्या व्यासाची व मऊ असल्याने अरुंद पट्टी एका रेषेत रुतते आणि शेजारी सुरकुती पडते. त्या सुरकुतीखालूनच धूळ शिरते.

टर्बो ते इंटरकूलर

टर्बोचार्जरच्या पुढे हीच हवा दाबाखाली व तापलेली असते. ७५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत २ बार दाब असल्यास नळीला टोकावरून ढकलून काढणारे बल सुमारे ८८० न्यूटन, म्हणजे जवळपास ९० किलोग्रॅम वजनाइतके होते. इंजिनावर भार येतो-जातो तसे हे बलही सतत येते व जाते. साधा स्क्रू क्लॅम्प येथे टिकत नाही; टी-बोल्ट, तोही शक्यतो स्प्रिंगसह, वापरावा लागतो. नळी सिलिकॉनची असल्यास आतून गुळगुळीत अस्तर असलेला क्लॅम्प घ्यावा, कारण सिलिकॉन मऊ असून उघड्या खाचांत सहज कापले जाते. हा सांधा निसटल्यास काळा धूर निघतो आणि यंत्र चढावर ओढत नाही. सुदैवाने ही लक्षणे ऑपरेटरला त्वरित कळतात.

रेडिएटर व कुलंट

रेडिएटरच्या बंद झाकणामुळे कुलंटवर साधारण अर्धा ते एक बार दाब राहतो आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकमध्ये साधे पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच, सुमारे ९८ अंशांना उकळते. सांधा गळून दाब टिकेनासा झाला, तर पातळी पुरेशी असतानाही इंजिन उकळू शकते.

निफाड व सिन्नर परिसरात हिवाळ्यात आढळणारी एक तक्रार अशी की, सकाळी यंत्राखाली कुलंटचे थेंब दिसतात आणि यंत्र तापल्यावर गळती आपोआप थांबते. रबर थंडीत धातूपेक्षा जास्त आकसते व ताठर होते. स्क्रू क्लॅम्पचा घेर ठरलेला असल्याने तो त्या आकसण्यामागे जाऊ शकत नाही आणि पकड ढिली पडते. यावर मिस्त्री सकाळी क्लॅम्प आणखी आवळतो. दुपारी नळी तापून फुगते आणि जास्त आवळलेल्या पट्टीखाली रबर कायमचे चेपते. पुढच्या थंडीत तोच सांधा पुन्हा गळतो व पुन्हा आवळला जातो. काही फेऱ्यांत पट्टीखालची नळी कापली जाते. अशा सांध्यावर स्थिर ताणाचा क्लॅम्प बसवणे हाच खरा उपाय होय. नळीचे चेपलेले टोक त्याआधी बदलावे लागते. नवा क्लॅम्प जुन्या चरावर बसवून उपयोग होत नाही.

डिझेल

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतही ओढ असते. येथील सैल क्लॅम्पमधून डिझेल न गळता हवा आत जाते. रात्रभर उभे राहिलेले यंत्र सकाळी सुरू होण्यास वेळ लावते किंवा सुरू होऊन बंद पडते. यालाच गाडीने एअर घेतली असे म्हणतात. पंप हाताने मारून एअर काढली की यंत्र चालते, त्यामुळे मूळ कारण तसेच राहून जाते. या बारीक नळ्यांसाठी लहान घेराची, वळवलेल्या कडांची सलग पट्टी किंवा योग्य मापाचा स्प्रिंग क्लॅम्प वापरतात. मोठ्या पल्ल्याची क्लिप शेवटच्या खाचेपर्यंत आवळून काम भागवणे चूक आहे, कारण लहान घेरावर तिचा आकार गोल राहत नाही आणि स्क्रूच्या घराखाली फट पडते.

हायड्रॉलिक तेल

हायड्रॉलिक प्रणालीत क्लॅम्प केवळ टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या आणि काही यंत्रांत टाकीकडे परतणाऱ्या कमी दाबाच्या नळ्यांवर वापरता येतात. पंपाकडे जाणाऱ्या नळीची भिंत तारेने किंवा कापडाने मजबूत केलेली व जाड असते, म्हणून तेथे टी-बोल्ट किंवा दोन बोल्टचा क्लॅम्प लागतो. दोन क्लॅम्प शेजारी लावण्याची पद्धतही आहे. त्यांचे स्क्रू विरुद्ध बाजूंना ठेवल्यास दाब घेरावर समान पडतो. मात्र आतील धातूचे टोक आखूड असेल, तर दुसरा क्लॅम्प टोकाबाहेरच्या पोकळ नळीवर बसतो आणि तिला चिरडतो. येथे हवा आत गेली तर टाकीतील तेलाला फेस येतो, पंप कर्कश वाजतो आणि बूम झटके देत हलते.

पंपानंतरच्या नळ्यांवर क्लॅम्प कधीही वापरू नये. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत २५० बार दाब असेल, तर तिला टोकावरून ढकलणारे बल सुमारे १२,३०० न्यूटन, म्हणजे सव्वा टन वजनाइतके असते. कोणतीही पट्टी हे बल पेलू शकत नाही. म्हणून या नळ्यांची टोके यंत्रावर दाबून बसवलेली असतात. अशी नळी फुटल्यावर तिचा तुकडा कापून, पाइपावर चढवून दोन क्लिपांनी आवळण्याचे प्रयोग प्राणघातक ठरू शकतात. उच्च दाबाच्या नळीतील बारीक छिद्र हाताने चाचपडणेही तितकेच धोक्याचे आहे. सुईसारखी धार कातडी भेदून तेल आत सोडते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखणेही सुरुवातीला थोडेच असते, पण तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवतात.

दाबाखालील हवा

कातळात विहीर खोदणाऱ्या ट्रॅक्टरवरील कॉम्प्रेसरच्या व दगड फोडणाऱ्या ब्रेकरच्या नळ्यांत साधारण ७ बार दाब असतो. या नळ्यांवर साधी स्क्रू क्लिप किंवा पिळलेली तार लावलेली अनेकदा पाहायला मिळते. दाबाखालील नळी निसटल्यास चाबकासारखी फटके मारत फिरते आणि विहिरीच्या अरुंद जागेत तिच्यापासून दूर होणे शक्य नसते. येथे बोल्टने आवळले जाणारे आणि जोडाच्या कड्यात आपली नखे अडकवणारे जड क्लॅम्पच वापरावेत. त्याशिवाय नळीच्या दोन्ही भागांना जोडणारी पोलादी सुरक्षा-दोरी लावावी.

धातूचा दर्जा व मानके

भारतात सर्वसाधारण वापराच्या स्क्रू क्लिपांसाठी आयएस ४७६२ हे मानक आहे. आंतरराष्ट्रीय बाजारात जर्मनीचे डीआयएन ३०१७ आणि अमेरिकेचे एसएई जे१५०८ ही मानके प्रचलित आहेत. धातूचा दर्जा क्लॅम्पवर डब्ल्यू१ ते डब्ल्यू५ अशा खुणांनी दर्शवलेला असतो. डब्ल्यू१ मध्ये सर्व भाग जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचे असतात. डब्ल्यू२ मध्ये पट्टी व घर स्टेनलेस, पण स्क्रू साध्या पोलादाचा असतो. डब्ल्यू३ मध्ये सर्व भाग क्रोमियमयुक्त, चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसचे, डब्ल्यू४ मध्ये ३०४ प्रतीच्या आणि डब्ल्यू५ मध्ये ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे असतात.

व्यवहारात डब्ल्यू२ सर्वाधिक फसवतो. त्याची पट्टी वर्षानुवर्षे चकाकत राहते, परंतु स्क्रू आतून गंजून घरातच अडकतो. आवळायला गेल्यावर तो फिरत नाही किंवा तुटतो. इगतपुरीच्या पावसात काम करणाऱ्या यंत्रावर डब्ल्यू४ घेणे अंतिमतः स्वस्त पडते. डब्ल्यू५ समुद्रकाठच्या खाऱ्या हवेसाठी उपयुक्त असून नाशिकमध्ये त्याची क्वचितच गरज भासते. पट्टी चुंबकाला चिकटते की नाही हे दुकानातच पाहिल्यास ३०४ म्हणून दिलेली दुसरी प्रत बहुधा ओळखता येते.

नळीचे रबरही आतील द्रवाला साजेसे असावे लागते. कुलंटसाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर तेलाने फुगते, तर तेलासाठी नायट्राइल रबर लागते. फुगून मऊ झालेल्या नळीला कोणताही क्लॅम्प धरून ठेवू शकत नाही.

माप व बसवणी

क्लॅम्पचे माप नळीच्या आतील व्यासावरून ठरवत नाहीत. नळी धातूच्या टोकावर चढवल्यानंतर तिचा बाहेरील व्यास मोजतात आणि तो व्यास ज्याच्या पल्ल्याच्या साधारण मध्यावर येईल असा क्लॅम्प निवडतात.

बसवताना धातूचे टोक स्वच्छ करून गंज व जुने रबर काढावे. नळी चढत नसेल तर टोक पाण्याने किंवा कुलंटने ओले करावे. ग्रीस किंवा ऑइल लावल्यास नळी पुढे निसटते आणि रबरही खराब होते. टोकावर उंचवटा असल्यास क्लॅम्प त्याच्या मागे, नळीच्या कडेपासून काही मिलिमीटर आत बसला पाहिजे. उंचवट्यावरच बसवलेला क्लॅम्प कंपनांनी घसरतो. स्क्रूचे डोके नंतर पाना पोहोचेल अशा बाजूला आणि पंखा, पट्टे व इतर नळ्यांपासून दूर ठेवावे. पट्टीचे मोकळे शेपूट धारदार असते. ते शेजारच्या नळीला व फिटरच्या हातालाही कापते.

किती आवळावे याचे आकडे उत्पादकाच्या पुस्तिकेत असतात. स्थूलमानाने ९ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला ३ आणि १२ मिलिमीटरच्या पट्टीला ५ न्यूटन-मीटर पुरतात. ३ न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला ३ किलोग्रॅम वजन टांगल्याइतका जोर होय. हाताच्या सवयीने यापेक्षा कितीतरी अधिक जोर लावला जातो आणि न्यूमॅटिक गनने तर पट्टीच्या खाचाच उखडतात. चपट्या पेचकसापेक्षा षटकोनी पाना किंवा सॉकेट वापरणे चांगले. पेचकस घसरून रेडिएटरच्या जाळीत शिरण्याचे प्रकार नवीन नाहीत.

तपासणी व देखभाल

नवी नळी पहिल्या काही तासांच्या उष्णतेत चेपते, म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावर साध्या क्लॅम्पचा ताण एकदा पुन्हा तपासतात. स्थिर ताणाच्या क्लॅम्पला याची सहसा गरज नसते. त्यानंतरची तपासणी घड्याळावरील तासांनुसार, साधारणतः २५० तासांच्या सर्व्हिसबरोबर केली जाते. रोज सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वीची फेरी मात्र वगळता येत नाही. कुलंटचा सुकलेला पांढरट किंवा रंगीत ओघळ, तेलावर चिकटलेली ओली धूळ, नळीच्या कडेजवळ सरकल्याची चकाकती रेघ आणि पट्टीभोवतीचा गंजाचा तांबूस डाग या खुणा त्या वेळी पाहायच्या असतात. दाब असलेल्या हवेच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. ओढ असलेल्या सांध्यांवर ही युक्ती चालत नाही. ते हाताने हलवून आणि आतून पाहूनच तपासावे लागतात.

काम सुरू करण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. तापलेल्या रेडिएटरचा क्लॅम्प सैल केल्यास उकळते कुलंट अंगावर उडते.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्र धुताना फवारा सांध्यावर रोखू नये. धुतल्यानंतर स्क्रूवर साचलेला सिमेंटचा थर लगेच काढला नाही, तर तो दगडासारखा धरतो. खाचा उखडलेला, पट्टी वाकलेला किंवा स्क्रू जड झालेला क्लॅम्प पुन्हा वापरू नये. टी-बोल्ट क्लॅम्प चांगल्या स्थितीत असल्यास पुन्हा वापरता येतो, पण त्याचा नायलॉनचा नट नवा घालणे योग्य. नळी बदलताना क्लॅम्पही बदलण्याची पद्धत मोठ्या कंत्राटांच्या कार्यशाळांत पाळली जाते. एकट्या यंत्राच्या मालकाकडे ती क्वचित दिसते.

दूरच्या साइटवर क्लॅम्प न मिळाल्यास सळई बांधण्याची तार गुंडाळण्याचा उपाय सर्वत्र केला जातो. कुलंटच्या नळीवर यंत्र गॅरेजपर्यंत आणण्यापुरता तो चालू शकतो. तार एका रेषेत रुतत असल्याने त्या जागी नळी पुढे फाटतेच, म्हणून तार काढताना नळीचा तेवढा भाग कापून टाकावा. एअर फिल्टरनंतरच्या नळीवर मात्र तार बांधून यंत्र चालवणे योग्य नाही. तेथे क्लॅम्प मिळेपर्यंत यंत्र उभे ठेवावे. समृद्धी महामार्गासारख्या लांबच लांब साइटवर प्रत्येक यंत्राच्या पेटीत नेहमीच्या चार-पाच मापांचे सुटे क्लॅम्प ठेवल्यास हा प्रश्न बऱ्याच अंशी उद्भवत नाही.

आधार देणारे क्लॅम्प

बूम व आर्मवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळ्यांना जागेवर धरून ठेवणारे रबरी अस्तराचे पी आकाराचे क्लॅम्प, तसेच धातूच्या पाइपांसाठीचे प्लास्टिकचे जोड-क्लॅम्प यांचे काम वेगळे असते. ते आवळून सांधा बंद करत नाहीत, फक्त घर्षण टाळतात. त्यांतील रबर निघून गेले, तर क्लॅम्पची उघडी कड नळीचे बाहेरील आवरण घासते आणि आतील पोलादी तारा उघड्या पडून गंजतात. फुटलेल्या नळीची तपासणी करताना छिद्र नेमके क्लॅम्पच्या जागी किंवा दोन नळ्या एकमेकींना घासतात तेथे आहे का, हे आधी पाहिले जाते. तसे असल्यास नवी नळी टाकण्यापूर्वी क्लॅम्प बदलावा लागतो, अन्यथा तीही त्याच ठिकाणी फुटते.